रेहाना हे नाव

गडमुडशिंगी,
११ मार्च १९६९

तुम्हाला शालूचा वाकून नमस्कार.

मुलगी झाली. गेल्या मंगळवारी, दिवस मावळायच्या आधी. बसता येत नव्हतं म्हणून कळवायला उशीर झाला. बाळ बरं आहे, मीही बरी आहे. नाक तुमचं घेतलंय. रडायला लागली की मूठ तोंडात कोंबते.

सासूबाई आणि तुमचे थोरले भाऊ गणपतदादा त्या दिवशी नेसरीला मामांच्या घरी लग्नाला गेले होते. माझे दिवस भरायला अवकाश होता, म्हणून मीच त्यांना जा म्हणाले होते. आता दादा त्यावरून मलाच बोलतात. दुपारी कळा सुरू झाल्या. शेजारच्या बयाबाईला दिसत नाही. सुईण उचगावला गेलेली. घरात मी एकटी. म्हणजे अगदी एकटी नव्हते. एक बाई आल्या होत्या, दुसऱ्याच कामासाठी. त्यांनी सगळं निभावलं. त्या कोण, ते इथं लिहीत नाही. पत्रं आधी जेलचे साहेब वाचतात, असं तुम्हीच म्हणाला होता. मुलाखतीला येईन तेव्हा सांगेन.

बारसं अजून व्हायचंय. सासूबाईंनी नाव काढून ठेवलंय. माझ्या मनात दुसरं आहे. तुमच्या मनात काही असेल तर कळवा, पण तुम्ही कळवाल तेच मी ठेवीन असं धरून चालू नका. असं लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे.

जेवत जा. कोर्टातनं नेताना तुम्ही मागं वळून बघितलं नाही, ते मनातनं जात नाही.

तुमची,
शालू


गडमुडशिंगी,
२ एप्रिल १९६९

नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. दादांनी माझ्याआधी कळवलं म्हणायचं.

"त्या पोरीचं नाव माझ्या लेकीला? डोकं फिरलंय का तुझं? बदल, नाहीतर सुटल्यावर मी त्या घराची पायरी चढणार नाही." एवढंच पत्र. बाळ दूध पितं का, झोपतं का, काही विचारलं नाहीत.

होय, त्याच पोरीचं नाव. उचगावच्या रस्त्याला पेरूच्या बागेसमोर तुमच्या ट्रकखाली आलेली दस्तगीर बागवानाची सहा वर्षांची पोर. रेहाना. खटला चालला तेव्हा कोर्टात ते नाव इतक्यांदा घेतलं गेलं की मलाही पाठ झालं. तुम्हाला टोचावं म्हणून मी ते ठेवलं नाही. का ठेवलं ते कागदावर मांडता येत नाही. थोडं थांबा.

बारशाला काय झालं ते मात्र माझ्याकडूनच ऐका. दादांनी वाढवून लिहिलं असेल. पाळणा बांधला, गल्लीतल्या बायका जमल्या. सासूबाईंनी बाळाच्या कानात 'तुळसा' म्हटलं. बायका त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारायला हात उचलून उभ्या, आणि मी मोठ्यानं म्हणाले, "हिचं नाव रेहाना." हात तसेच वर राहिले. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतिणीला वारं लागलंय." घुगऱ्या कुणी हातात घेतल्या नाहीत.

बायका गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "असलं नाव आमच्या घरात चालायचं न्हाई."

मी म्हणाले, "मामंजींचं नाव काय हुतं?"

"पिराजी."

"पिराला नवस बोलून झालं म्हणून पिराजी. मग त्यांचं कसं चाललं?"

त्या घुगऱ्यांचं पातेलं उचलून आत गेल्या. दादा मात्र म्हणाले, "ते येगळं. पिराचा अंगारा आन् मेलेल्या पोरीचं नाव, ह्यात फरक हाय." त्यांचं ते म्हणणं मला खोडता आलं नाही. फरक आहे. मला कळत नाही असं समजू नका.

नावावरून गावात माझ्याबद्दल काय काय बोलतात ते मी लिहीत नाही. दादांनी लिहिलंच असेल. ते खोटं आहे, हे तुम्हाला सांगावं लागू नये.

शालू


गडमुडशिंगी,
२७ मे १९६९

परवा बाळाला पदराखाली घेऊन उन्हातनं कळंब्याच्या जेलला आले. फाटकाशी बसून राहिले. शिपाई आत जाऊन आला आणि म्हणाला, "ताई, तुमचे मालक भेटायचं नाही म्हणतात." सगळ्यांदेखत. बरोबरच्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

तेव्हा आता सगळं पत्रातच लिहिते. साहेब वाचणार असतील तर वाचू देत.

बाळंतपणाच्या दिवशी आलेली बाई म्हणजे खैरुनबी. त्या पोरीची आई.

दुपारी मी अंगणात शेणी लावत होते. ती फाटकात उभी राहिली. कोर्टात बघितलं होतं म्हणून लगेच ओळखलं. वाटलं, ही शिव्या द्यायला, नाहीतर माझ्या पोटावर तळतळाट घालायला आली. ती आत आली नाही. म्हणाली, "मी भांडाय आली न्हाई. मालकाला ठावं न्हाई मी आली ते. एक इचारायचं हाय, इचारून जाते."

"काय?"

"तुझा नवरा कोर्टात म्हणाला, गाडी थांबलीच न्हाई. कळलंच न्हाई म्हणाला. पण गाडी थांबली हुती. बागेत राखणीच्या झोपडीत मी भाकरी करीत हुती. इंजिन बंद झालेलं मी ऐकलं. लई येळ बंद हुतं. मग चालू झालं आन् गाडी गेली. त्या येळात काय झालं, तेवढं मला पायजे. त्यानं तुला सांगितलं असंल."

मी म्हणाले, "मला काही सांगितलं न्हाई." खरंच सांगितलं नव्हतं तुम्ही. जामिनावर घरी होता तेव्हा एवढंच म्हणायचा, धुकं होतं, कळलं नाही. माझा त्यावर विश्वास होता.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग वळली. तेवढ्यात पहिली मोठी कळ आली आणि मी तिथंच शेणात बसले. तिनं मागं बघितलं. मी ओरडले असेन. ती फाटकाबाहेर गेली, अहो. गेली होती. मग परत आली आणि दात खाऊन म्हणाली, "माझ्याच नशिबाला हे का?" आणि मला धरून घरात नेलं.

पोर बाहेर आली ती निळी. नाळ गळ्याभोवती. रडेना, हलेना. खैरुनबीनं नाळ सोडवली, पाय धरून उलटी केली, पाठीवर थापटलं, तोंडात बोट घातलं. काही नाही. मी विचारत होते, काय झालं, रडत का न्हाई. ती ऐकत नव्हती. तिनं पोरीला हलवलं आणि ओरडली, "रेहाना! ए रेहाना! ऊठ! ऊठ की गं!" आणि पोर रडली.

तिनं पोरीला माझ्या छातीवर ठेवलं. पोर रडतच होती. मग खैरुनबी भिंतीला टेकून म्हणाली, "तोंडातनं गेलं. तू हे मनात धरू नको. तुझ्या पोरीचं नाव दुसरं ठेव. माझ्या लेकीचं नाव तुझ्या घरात नको मला." आंघोळ न करताच निघून गेली.

तेव्हा हे नाव मी कुणाकडनं मागून घेतलं नाही, आणि तिनं दिलंही नाही. पण माझी लेक त्या हाकेला आली. तिला मी आता दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारू?

आणि मी तुम्हाला विचारते. गाडी थांबली होती का? पत्रात लिहू नका. भेटायला येईन तेव्हा सांगा. पण भेटा.

शालू


गडमुडशिंगी,
१९ ऑगस्ट १९६९

तुम्ही लिहिता, "नावाला काही अर्थ असतो. त्या नावाचा अर्थ तरी ठाऊक आहे का तुला?" आणि गाडीचं एका अक्षरानं नाही.

अर्थ ठाऊक नव्हता, ही गोष्ट खरी. म्हणून शनिवारी शहरात बाजाराला गेले तेव्हा त्यांच्या बागवान गल्लीत गेले. खैरुनबी दारात केळी निवडत होती. मला बघून तिनं कपाळाला आठ्या घातल्या, पण हाकललं नाही. दस्तगीरभाई आतनं आले. गावातली बोलणी त्यांच्याही कानावर गेली असावीत; बाळाकडं बघून त्यांनी विचारलं, "नाव बदललं का?" मी म्हणाले, "न्हाई." ते चपला घालून निघून गेले.

मी खैरुनबीला विचारलं, "रेहाना म्हंजे काय?"

ती म्हणाली, "सब्जा."

"सब्जा? सरबतात घालतात तो?"

"त्याचं झाड. पानं चुरगळली की वास सुटतो बघ. आमच्यात कबरीवर लावत्यात. तिच्याबी लावलाय." मग बराच वेळ केळ्यांवरची धूळ पुसत राहिली. "आमी बायका कबरस्तानात जात न्हाई. मी भिंतीबाहेर थांबते. मालक आत जाऊन पाणी घालून येत्यात. वारं इकडचं असलं की वास येतोय."

तिथं उर्दू शाळेतले मुल्लाणी मास्तर केळी घ्यायला आले होते. त्यांनी ऐकलं आणि थांबले. म्हणाले, शब्द अरबी आहे. रैहान म्हणजे सुवासाचं रोप, आणि मुलीचं नाव करताना रेहाना. कुराणात स्वर्गाचं वर्णन आहे, त्यात रैहान येतं. तिकडच्या वाळवंटी मुलखात हिरवं आणि वासाचं म्हणजे देवाची मोठी देणगी, म्हणून लोक हौसेनं हे नाव ठेवतात. आणि त्यांच्या पैगंबरांना दोन नातू होते, त्यांना ते म्हणायचे, ही दोघं म्हणजे या दुनियेतलं माझं रैहान. तेव्हापासून लेकरालाही रैहान म्हणायची पद्धत पडली. मी म्हणाले, "म्हंजे नुसतं लेकरू, असाबी अर्थ?" ते म्हणाले, "तसंच समजा. आईबापाला ज्याचा वास घ्यावासा वाटतो, ते."

खैरुनबीनं हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. मास्तर गेल्यावर ती म्हणाली, "माझ्या सासऱ्यानं ठेवलं हुतं नाव. असलं काय बोलला न्हवता." मग माझ्या मांडीवरच्या पोरीकडं बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. म्हणाली, "आमच्या गल्लीत आणखी दोन रेहाना हायेत. मी त्यास्नी काय नाव बदला म्हणाली न्हाई. झाडाचं नाव हाय. माझ्या एकटीच्या मालकीचं न्हाई." एवढंच बोलली. मला तेवढं पुरलं.

घरी येऊन सगळं सांगितलं. दादा म्हणाले, "सब्जा म्हंजे तुळशीच्याच जातीचं की. मग तुळसाच म्हण. एकच झालं."

मी म्हणाले, "एकच असंल तर रेहाना म्हणायला काय हरकत हाय?"

दादांनी पाण्याचा तांब्या भिंतीवर मारला. म्हणाले, दसऱ्यापर्यंत नाव बदलायचं, न्हाईतर तू आन् तुझी पोर ह्या घरात न्हाई. सयाजीचीबी तीच इच्छा हाय, तसं पत्र हाय माझ्याकडं.

तसं पत्र तुम्ही खरंच पाठवलंत का? मी ते बघायला मागितलं नाही. मला भीती वाटली.

अर्थ विचारलात, सांगितला. आता माझं उत्तर द्या.

शालू


गडमुडशिंगी,
६ नोव्हेंबर १९६९

वरचा पत्ता गावाचाच आहे, पण घर बयाबाईचं. दसऱ्यानंतर दादांनी माझी ट्रंक ओट्यावर आणून ठेवली. बयाबाई म्हणाली, "माझी पडवी मोकळी हाय, पोरी. मला दिसत न्हाई, पर ऐकू येतंय. पोराचा आवाज असू दे घरात." सासूबाई त्या वेळी आत बसून होत्या. बाहेर आल्या नाहीत, पण मागच्या दारानं बाळाची दुपटी पाठवून दिली.

सोमवारी तुम्ही जाळीपाशी आलात. आलात, हेच मला खूप वाटलं. किती वाळलाय तुम्ही. दोन्हीकडनं माणसं ओरडत होती, मध्ये शिपाई फिरत होता, म्हणून तुम्हालाही ते ओरडूनच सांगावं लागलं. ते शब्द मी घरी येईपर्यंत मनात म्हणत आले. एकही इकडचा तिकडं होऊ नये, कारण ते मला पुढं न्यायचे होते.

तुम्ही म्हणालात: गाडी थांबवली. उतरलो. ती चरीच्या कडेला पडली होती. रगात दिसलं न्हाई. डोळे उघडे हुते. माझ्या पटक्यावर तिला निजवली. कुणाची गं तू, नाव काय तुझं, म्हणून इचारलं. रेहाना म्हणाली. मग म्हणाली, कळशी चेपली, अम्मी मारंल. म्हटलं, न्हाई मारत, मी सांगतो तुझ्या अम्मीला. तेवढ्यात बागेतनं गड्याची हाक आली. मला वाटलं, आता माणसं येणार, मला फोडून काढणार. म्हटलं, येत्यातच तर पोरीला बघतील. गाडीत चढलो आन् गेलो.

आणि म्हणालात, "ती हाक मारल्यागत बोलली तिचं नाव. तू तेच ठेवलंस. आता मी लेकीला काय म्हणू, शालू?"

वेळ संपली म्हणून शिपायानं तुम्हाला नेलं.

मी तिथनं तशीच बागवान गल्लीत गेले. उद्या जाईन म्हटलं असतं तर गेलेच नसते. दोघंही घरात होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, तुम्ही सांगितलं तसं.

खैरुनबी म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं.

"अम्मी मारंल, म्हणाली?"

"व्हय."

"मी तिला कधी मारली न्हाई. कळशीपायी तर कधीच न्हाई. का म्हणाली ती असं?" ती मलाच विचारत होती, जणू मी तिथं होते. "एकदा बोलली हुती मी. बघून भर, पितळ हाय म्हणून. नुसतं बोलली. मारली न्हाई. मालक, मी मारली का कधी?"

दस्तगीरभाई तिच्याकडं बघत नव्हते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते म्हणाले, "हाक मी मारली हुती."

ते भिंतीला धरून खाली बसले. मग म्हणाले, "मी हाक मारली नसती तर तो गेला नसता. गाडीत घालून दवाखान्यात नेली असती." मी म्हणाले, "तसं न्हाई, भाई." पुढं काय म्हणायचं होतं मला? तसंच आहे की नाही, कुणाला माहीत.

खैरुनबी म्हणाली, "तू जा आता. पोरीला घेऊन जा."

वाटेत वाटलं, मी हे काय करून आले. जिला उत्तर पाहिजे होतं तिला ते दिलं, आणि ज्याला नको होतं त्याच्या छातीत घातलं.

तुम्ही सांगितलंत, ते बरं केलंत. पण मला तुमचा राग आला आहे, तोही सांगून ठेवते. तिचं नाव विचारून गेलात तुम्ही.

शालू


गडमुडशिंगी,
२२ मार्च १९७०

तुमच्या सुटकेचं कळलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. माफी मिळून दिवस कमी झाले, बरं झालं.

सासूबाई आता रोज बयाबाईच्या पडवीत येतात. पोरीला मांडीवर घेतात, तेल लावतात. नाव घेत नाहीत. बाळे म्हणतात. दादा येत नाहीत, पण परवा त्यांनी ज्वारीचं पोतं आणून ओट्यावर टाकलं आणि न बोलता गेले.

खैरुनबीचं काही कळलं नाही. थंडीभर मी तीनचार वेळा बाजाराला गेले. त्यांचं दार लोटलेलं असतं. एकदा खिडकीत दिसली. मला बघून आत गेली. मुल्लाणी मास्तर भेटले, म्हणाले, दस्तगीर धंद्याला जात नाही, बसून असतो. ते ऐकून मी त्या गल्लीत जायचं सोडलं.

आता तुम्ही काय करायचं ते लिहिते. हे मी तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे. फाटकाबाहेर मी असेन, पोरीला घेऊन. तिथनं आपण आधी घरी जायचं नाही. आधी बागवान गल्लीत जायचं. तुम्ही त्या दोघांसमोर उभं राहायचं आणि मला जाळीतनं सांगितलंत ते तुमच्या तोंडानं सांगायचं. दार उघडतील की नाही, माहीत नाही. मारलं तर मार खायचा. तुम्ही त्या पोरीला म्हणाला होता, तुझ्या अम्मीला सांगतो. ते अजून सांगितलेलं नाही.

हे जमणार नसेल तर नेसरीला मामांकडं जा. मी अडवणार नाही. पण मग माझ्या दारात येऊ नका.

पोर मांडीवर आहे, अक्षर वाईट आलंय.

शालू


गडमुडशिंगी,
८ डिसेंबर १९७०

तुम्हाला नमस्कार.

नेसरीच्या गुऱ्हाळातनं पाठवलेलं पत्र मिळालं. भट्टीशी काम आहे, डोळे सांभाळा. मामांची गाडी चालवायला नको म्हणालात, ते ठीक केलंत की नाही, ते मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

तुम्ही विचारलंत, सुटलात त्या दिवशी तुम्ही बागवान गल्लीतनं गेल्यावर मागं काय झालं. आठ महिने झाले, पहिल्यांदाच विचारलंत. मीही आपणहून सांगितलं नाही. सुटून आल्यावर तुम्ही नुसते भिंतीकडं तोंड करून पडायचा. पोर रांगत जवळ आली तर कूस बदलायचा. तेव्हा हे तुमच्यावर घालायची माझी छाती झाली नाही.

आता सांगते.

तुम्ही ओट्याखाली उभं राहून सगळं बोललात. शेजारपाजार जमला होता. खैरुनबी दारात उभी, पदर दातात धरलेला. तुमचं संपल्यावर ती म्हणाली, "तिच्या आईला सांगतो म्हणाला हुतास. दोन वर्सं लावलीस." तुम्ही मान खाली घातली. मग तिनं माझ्या कडेवरच्या पोरीकडं बोट केलं. "हिला हाक मार. माझ्यासमोर मार." तुमचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. तुम्ही वळलात आणि चालायला लागलात. मी तुमच्या मागं आले नाही, हे तेव्हा तुमच्या लक्षात आलं का, माहीत नाही.

तुम्ही गल्लीच्या तोंडाशी गेलात तेव्हा आतनं दस्तगीरभाई बाहेर आले. दाराआड उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, "गेला?" खैरुनबी म्हणाली, "गेला." ते ओट्यावर बसले. किती म्हातारे दिसत होते. मग मला म्हणाले, "त्याला एक सांग. मी हाक मारली, ती भांडाय न्हवती. ट्रक थांबलेला बघितला. म्हटलं, गाडी तापली असंल, पाणी लागत असंल बिचाऱ्याला. म्हणून हाक मारली. पाणी पायजे का, म्हणून."

तेवढं बोलून ते रडले. खैरुनबी रडली नाही. तिनं माझ्या कडेवरनं पोरीला घेतलं आणि त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. पोरीनं त्यांची दाढी धरून ओढली. ते ती सोडवून घेईनात, तसेच बसून राहिले.

निघताना खैरुनबी म्हणाली, "त्याला माझ्या दारात परत आणू नको. तू ये. हिला घेऊन येत जा."

तेव्हा, माफ केलं का म्हणून तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर हे आहे. तुम्हाला केलेलं नाही. करतील की नाही, मला माहीत नाही. मी तेव्हापासून दर शुक्रवारी जाते. खैरुनबी पोरीला भरवते, वेणी घालते. कधी एकदम थांबते आणि उठून आत जाते. मग मी पोरीला घेऊन निघते. पुढच्या शुक्रवारी परत जाते. दस्तगीरभाई पुन्हा धंद्याला लागलेत. गेल्या आठवड्यात म्हणाले, "तुझा मालक काय करतोय?" मी म्हणाले, गुऱ्हाळावर हाय. "बरं," म्हणाले. आणखी काही नाही.

तुमच्या पत्राच्या शेवटी 'चि. रेहानास आशीर्वाद' असं आहे. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "तुळसास न्हाई लिवलं?" मी म्हणाले, "न्हाई, रेहानास लिवलंय." त्या म्हणाल्या, "परत वाच." मी वाचलं. त्या उठल्या, अंगणात चिखलात खेळत होती तिला म्हणाल्या, "ए रेहाना, आत ये, तुझ्या बानं पत्र धाडलंय."

पोर आली. कागद हातात धरला आणि चुरगळून टाकला. म्हणून तुमच्या पत्रातला येण्याचा दिवस मला नीट लागला नाही. संक्रांतीला येणार की नंतर, ते परत कळवा.

तुमची,
शालू